गादी गेलेल्या गुडघ्यासाठी: मेनिस्कस आणि कूर्चा प्रत्यारोपणाची पायरी-पायरीने तयारी

कबड्डीत चढाई करून मागे वळताना कोणीतरी घोटा धरतो. अंग वळतं, पाय जागेवरच राहतो, गुडघ्यात ‘कट्’ आवाज होतो आणि संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून टम्म. एमआरआयमध्ये निघतं की गादी फाटली. दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, फाटलेला भाग काढून टाकतात आणि दीड-दोन महिन्यांत मुलगा पुन्हा मैदानात दिसतो. आठ-दहा वर्षांनी तोच मुलगा, आता तिशीतला, माझ्यासमोर बसून गुडघ्याच्या आतल्या बाजूला एक बोट ठेवतो. ‘इथंच दुखतं. जिना उतरताना जास्त.’

फिजिओथेरपीच्या कामात असे गुडघे मी वर्षानुवर्षं हाताळते आहे. त्यांतल्या काहींना गादीचं किंवा कूर्चेचं प्रत्यारोपण सुचवलेलं असतं, आणि तोवर घरात दोन तट पडलेले असतात. एका बाजूला ‘नवीन गादी बसली की सगळं ठीक होईल’, दुसऱ्या बाजूला ‘असलं काही करू नकोस, थेट सांधाच बदल नंतर’. दोन्ही बाजूंकडे माहिती अपुरी असते. माझा अनुभव असा की टेबलावरचे दोन-तीन तास महत्त्वाचे असतातच, पण निकाल बऱ्याच अंशी ठरतो तो त्याआधीच्या तपासणीत आणि नंतरच्या सहा महिन्यांत. हे दोन्ही भाग रुग्णाच्या हातात असतात, म्हणून इथे त्यांच्यावरच भर देते.

पायरी १: गेलंय काय ते आधी नीट समजून घ्या

‘गादी’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पुढे मी ‘गादी’ म्हणेन ते मेनिस्कसलाच.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये बसलेली रबरासारखी लवचिक चकती. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात. आतल्या बाजूची इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी, बाहेरच्या बाजूची जवळजवळ गोल. कूर्चा वेगळी. ती हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, पांढरा, चकचकीत थर, बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाड. मेनिस्कस भार वाटून घेतो, कूर्चा घर्षण होऊ देत नाही. मेनिस्कस गेला की सगळा भार कूर्चेच्या एका लहानशा भागावर येतो आणि कूर्चा झिजू लागते. आतल्या बाजूचा मेनिस्कस पूर्ण काढला तर हाडांमधलं संपर्काचं क्षेत्र सुमारे ७५ टक्क्यांनी घटतं आणि त्या जागी दाब दुपटीहून जास्त वाढतो, हे मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेल्या मोजमापांतून दिसलं आहे. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांच्या एक्सरेमध्ये होत जाणारे बदल फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४८ सालीच मांडले होते. तरीही पुढची कित्येक वर्षं जगभर मेनिस्कस सरसकट काढला जात होता.

दोन्ही गोष्टी आपोआप का भरून येत नाहीत? मोठ्या माणसाच्या मेनिस्कसमध्ये रक्तवाहिन्या फक्त बाहेरच्या कडेला असतात. आतला भाग रक्ताविना असतो, तिथली फाट सहसा जुळत नाही. कूर्चेत तर रक्तवाहिन्याही नाहीत आणि नसाही नाहीत. त्यामुळे ती झिजत असताना दुखत नाही. वेदना जाणवू लागते तेव्हा खालचं हाड किंवा सांध्याचं अस्तर कुरकुरायला लागलेलं असतं.

आता करायचं काम. जुन्या ऑपरेशनचे कागद शोधा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ‘ऑपरेशन नोट’ हवी, आणि दुर्बिणीतून घेतलेले फोटो किंवा सीडी मिळाली तर फार उत्तम. आपल्याला कळायला हवं ते इतकंच: कोणत्या बाजूचा मेनिस्कस, किती काढला, बाहेरची कड शिल्लक आहे का, आणि त्या वेळी कूर्चा कशी होती. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या आईने हे कागद रेशनकार्डाच्या पिशवीतून काढून दिले होते. त्या एका कागदामुळे पुढच्या डॉक्टरांचं अर्धं काम सोपं झालं.

ज्यांची गादी नुकतीच फाटली आहे आणि अजून काहीच काढलेलं नाही, त्यांनी इथेच थांबून शल्यविशारदांना एकच प्रश्न विचारावा: ‘हिला टाके घालून वाचवता येईल का?’ स्वतःची शिवलेली गादी दुसऱ्याच्या गादीपेक्षा केव्हाही चांगली.

पायरी २: तपासण्या कोणत्या आणि कशा

एकटा एमआरआय पुरत नाही. झोपून काढलेला एक्सरे तर या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी, कारण सांध्यावर भारच नसतो. पुढच्या गोष्टी लागतात.

उभं राहून, दोन्ही गुडघ्यांचा एक्सरे. एक एक्सरे पाय सरळ ठेवून आणि दुसरा गुडघे सुमारे ४५ अंशांत वाकवून, कारण झीज पुष्कळदा सांध्याच्या मागच्या भागात असते आणि सरळ पायात ती लपते.

खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा उभ्याने काढलेला लांब एक्सरे, ज्याला स्कॅनोग्राम म्हणतात. यावरून पायाची रेषा कळते. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली तर ती गुडघ्यातून कुठून जाते, हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं मोजमाप आहे. रेघ आतल्या बाजूने गेली, म्हणजे पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला असेल, तर आतल्या गादीवर कायम जास्त भार पडणार. अशा पायात नवी गादी बसवली तरी तीही चिरडली जाईल. हा एक्सरे सांगितला नसेल तर स्वतःहून विचारा.

एमआरआयमध्ये मेनिस्कसचा उरलेला भाग, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे), कूर्चेतले खड्डे आणि खालच्या हाडातली सूज दिसते. कूर्चेच्या खड्ड्याचं खरं माप मात्र दुर्बिणीतूनच कळतं आणि ते अनेकदा एमआरआयपेक्षा मोठं निघतं.

पायरी ३: आपण यात बसतो का

मेनिस्कस प्रत्यारोपणासाठी साधारणपणे हे पाहतात: वय पन्नाशीच्या आत, मेनिस्कस पूर्ण किंवा बहुतांश गेलेला, दुखणं त्याच बाजूला, कूर्चा बऱ्यापैकी शाबूत, लिगामेंट घट्ट, पायाची रेषा सरळ किंवा सरळ करता येण्याजोगी, आणि वजन आटोक्यात. मांडीच्या हाडाचा गोल भाग चपटा झाला असेल, समोरासमोरच्या दोन्ही हाडांवरची कूर्चा सोलली गेली असेल, संधिवात असेल किंवा सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर हे ऑपरेशन करत नाहीत.

इथे काही घरांना वाईट वाटतं, पण स्पष्ट सांगते. साठीतल्या आई-वडिलांचा झिजलेला गुडघा हा या शस्त्रक्रियेचा विषय नाही. त्यांच्यासाठी व्यायाम, वजन, औषधं आणि वेळ आली तर सांधेबदल हेच मार्ग आहेत. आणि कोणत्याही इंजेक्शनने गेलेली गादी परत उगवत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

दुखत नसेल तर काय? गादी काढलेली आहे, पण त्रास काहीच नाही, अशा माणसावर ‘पुढे झीज होऊ नये’ म्हणून प्रत्यारोपण सहसा करत नाहीत. प्रत्यारोपणाने वेदना कमी होते याला चांगला आधार आहे, झीज पक्की थांबते असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याऐवजी दरवर्षी उभ्याने एक्सरे काढून लक्ष ठेवा.

निर्णयाआधी तीन ते सहा महिने मनापासून व्यायाम करा. मांडीच्या पुढचे आणि मागचे स्नायू, कुल्ल्याचे स्नायू, आणि वजन. भार दुसऱ्या बाजूला वळवणारा ‘अनलोडर ब्रेस’, म्हणजे गुडघ्याला बांधायचा आधाराचा पट्टा, काही आठवडे वापरून पाहा. त्याने दुखणं स्पष्ट कमी झालं, तर दुखण्याचं मूळ त्या बाजूच्या भारातच आहे असा अंदाज बांधता येतो. कितीतरी जण याच टप्प्यावर इतके बरे होतात की ऑपरेशनचा विषयच मागे पडतो. सिगारेट, तंबाखू, मिसरी, गुटखा या काळात पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नवी गादी जगणार ती कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांवरच.

पायरी ४: आधी पाया, मग गादी

घर बांधताना भिंत कलती असेल तर छप्पर नवं घालून उपयोग नसतो. इथेही क्रम ठरलेला आहे. पायाची रेषा वाकडी असेल तर हाड कापून ती सरळ करायची. आतल्या बाजूचा प्रश्न असेल तर बहुधा नडगीच्या हाडात, बाहेरच्या बाजूचा असेल तर बहुधा मांडीच्या हाडात. पुढचं लिगामेंट तुटलं असेल तर ते नवीन करायचं, कारण डगमगत्या गुडघ्यात गादी रोज घासली जाते. आणि कूर्चेत एखादा खड्डा असेल तर तोही याच आराखड्यात धरायचा. या गोष्टी एकाच वेळी करता येतात किंवा टप्प्याटप्प्याने. ते शल्यविशारद ठरवतील, पण ‘माझ्या गुडघ्यात पायाची रेषा, लिगामेंट, कूर्चा आणि मेनिस्कस या चारही गोष्टींची स्थिती काय आहे?’ हा प्रश्न तुम्ही विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. चारपैकी एकाचंही उत्तर ‘पाहू नंतर’ असं आलं, तर दुसरं मत घ्या.

पायरी ५: गादी येते कुठून

मेनिस्कसचं कलम, म्हणजे गुडघ्यात बसवायचा दात्याचा मेनिस्कस, मृत दात्याकडूनच येतं. आपल्याकडे १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा २०११ मध्ये सुधारला गेला, तेव्हा त्याच्या नावात आणि कक्षेत अवयवांबरोबर ‘ऊती’ही आल्या. ऊतीपेढीला नोंदणी लागते आणि दात्याच्या कुटुंबाची संमती लागते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून आहे. तिथे हाडांची आणि गर्भावरणाची कलमं विकिरणाने निर्जंतुक करून दिली जातात. मेनिस्कसचं कलम त्यामानाने दुर्मीळ, म्हणून थांबावं लागतं. नेत्रदानाला आपल्या समाजात मान आहे, त्वचादानही लोकांना हळूहळू माहीत होतंय. हाडं, कूर्चा, गादी यांचंही दान होऊ शकतं हे मात्र घरोघरी पोचायला हवं.

किडनीसारखी इथे ऊतींची जुळणी पाहावी लागत नाही आणि शरीराने कलम नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत. जुळावं लागतं ते माप. एक्सरेवर माप घेताना शेजारी ठरावीक आकाराची खूण ठेवतात, कारण एक्सरेत प्रतिमा मोठी दिसते. नडगीच्या हाडाच्या माथ्याच्या लांबीच्या सुमारे ८० टक्के म्हणजे आतल्या मेनिस्कसची लांबी, आणि ७० टक्के म्हणजे बाहेरच्याची. मोठं कलम कडेबाहेर सरकतं, लहान कलमावर ताण येतो.

पेढीबद्दल विचारायचे प्रश्न: नोंदणी आहे का? दात्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या चाचण्यांचा अहवाल आहे का? कलम कसं टिकवलंय? उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवलेली कलमं सर्रास वापरतात. सुकवून टिकवलेली कलमं पुढे आक्रसतात, हे सुरुवातीच्या अनुभवातून कळलं आणि ती पद्धत मागे पडली. विकिरण दिलं असेल तर मात्रा विचारा, जास्त मात्रेने तंतू कमजोर होतात.

खर्चाचा अंदाज घेताना कलम, इम्प्लांट, रुग्णालय आणि फिजिओथेरपी यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. विमा असेल तर पूर्वपरवानगी लेखी घ्या.

पायरी ६: ऑपरेशनच्या दिवशी काय होतं

फक्त मेनिस्कसचं पहिलं प्रत्यारोपण १९८४ साली जर्मनीत म्युनिकला झालं, त्या वेळी गुडघा उघडून. आता बहुतेक काम दुर्बिणीतून होतं. कमरेखालची भूल देतात. जुन्या मेनिस्कसची एक-दोन मिलिमीटर कड ठेवून बाकी भाग साफ करतात, ती कड रक्त येईपर्यंत खरवडतात, कारण कलमाला जीव तिथूनच मिळणार.

मेनिस्कसची दोन टोकं हाडात घट्ट रोवलेली असतात आणि सगळी ताकद त्या रोवण्यात असते. बाहेरच्या मेनिस्कसची टोकं एकमेकांच्या अगदी जवळ असतात, म्हणून ती हाडाच्या एकाच पट्टीसकट बसवतात. आतल्याची लांब असतात, म्हणून दोन वेगळे हाडाचे बुंधे किंवा नुसते मजबूत दोरे हाडातल्या बोगद्यांतून ओढून बांधतात. मग कडेने टाके. मागच्या बाजूला टाके घालताना नसा वाचवण्यासाठी एक छोटी वेगळी चीर घेतात. आतल्या बाजूच्या ऑपरेशननंतर नडगीच्या आतल्या भागावर थोडी बधिरता राहू शकते, ते आधीच माहीत असलेलं बरं.

पायरी ७: कूर्चेत खड्डा असेल तर

इथे निर्णय खड्ड्याच्या मापावर होतो. साधारण दोन चौरस सेंटिमीटरच्या आत असेल तर मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त आणि मज्जा वर आणायची. त्यातून जी कूर्चा तयार होते ती मूळच्यापेक्षा कमी दर्जाची आणि काही वर्षांनी खचते. हाडासकट कूर्चेचे छोटे दंडगोल गुडघ्याच्याच कमी भाराच्या कडेवरून काढून खड्ड्यात ठोकून बसवणं म्हणजे मोझेकप्लास्टी. बुडापेस्टच्या हांगोडी यांनी ती १९९२ च्या सुमारास रुजवली. दोन ते चार चौरस सेंटिमीटरपर्यंत ती चालते. त्यापुढे काढण्याच्या जागीच त्रास सुरू होतो.

मोठ्या खड्ड्यांसाठी स्वतःच्या पेशी. आधी दुर्बिणीतून तांदळाच्या काही दाण्यांएवढी कूर्चा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात, मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये त्या खड्ड्यात भरतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांच्या गटाने १९९४ मध्ये २३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून ही पद्धत जगभर गेली. भारतातही आता स्वतःच्या पेशी वाढवून देण्याची सोय आहे. हाडासकट खोल खड्डा असेल तर दात्याचं ताजं हाड-कूर्चा कलम. त्यातल्या पेशी जिवंत राहाव्यात म्हणून ते गोठवत नाहीत, चार अंशांना ठेवतात आणि सुमारे चार आठवड्यांच्या आत वापरतात. या कामाचा पाया टोरोंटोत १९७० च्या दशकात घातला गेला.

पायरी ८: पुढचं वर्ष

तुमच्या शल्यविशारदांचा कागद हाच अंतिम. खालचे टप्पे साधारण आहेत.

घरी यायच्या आधीच घर तयार करा. कमोडची खुर्ची आणून ठेवा, कारण उकिडवं बसायला पुढचे कित्येक महिने मनाई आहे. झोपायची सोय तळमजल्यावर. कुबड्यांचा सराव ऑपरेशनच्या आधी करा. नंतर दुखत असताना शिकणं अवघड जातं.

पहिले सहा आठवडे: ब्रेस आणि कुबड्या. भार थोडा थोडा, सांगितला तेवढाच. गुडघा ९० अंशांपर्यंतच वाकवायचा. पहिल्या दिवसापासून मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरणं, घोटा वर-खाली करणं, गुडघ्याची वाटी हाताने हलवणं. सगळ्यांत मोठी चूक या काळात घरातल्या मायेतून होते: गुडघ्याखाली उशी. आराम वाटतो, पण गुडघा वाकडाच राहायला शिकतो आणि मग तो सरळ करायला महिने जातात. उशी नको. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा मोकळा खाली सैल सोडा. तेलाने चोळणं, लेप, शेक हेही नको. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा.

कूर्चेचं काम झालं असेल तर यंत्राने पाय हळूहळू हलवत ठेवायला सांगतात, दिवसातून सहा-सहा तासही. कंटाळा येतो, पण कूर्चेला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवाच्या हालचालीतूनच.

सहा आठवडे ते तीन महिने: कुबड्या सुटतात, चाल सुधारायची, स्थिर सायकल, पाण्यातला व्यायाम. लंगडणं थांबल्याशिवाय कुबडी सोडू नका.

तीन ते सहा महिने: ताकद. ऑफिसला जाता येतं, पण भरलेल्या लोकलमध्ये चढणं-उतरणं या काळाच्या शेवटाकडेच. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर गाडी चालवण्याआधी ब्रेक जोरात दाबता येतो का हे थांबलेल्या गाडीत तपासा आणि डॉक्टरांना विचारा. वजन घेऊन खोल वाकणं, मांडी घालणं, वज्रासन अजूनही नाही. सत्यनारायणाच्या पूजेला खुर्चीवर बसलात म्हणून कोणी नाराज होत नाही.

सहा महिन्यांनंतर सरळ रेषेत हलकं धावणं, तेही दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली तर. खेळाचा विचार नऊ ते बारा महिन्यांनी. पेशींचं कूर्चा प्रत्यारोपण असेल तर त्याहून उशिरा, कारण ती कूर्चा पिकायला दीड-दोन वर्षं लागतात. कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन पुन्हा खेळावं का? खेळणारे खेळतात. माझा सल्ला पोहणं आणि सायकल याकडे वळण्याचा असतो. जोरात गिरकी घेणारे खेळ त्या कलमाचं आयुष्य कमी करतात असं मला वाटतं.

ताबडतोब रुग्णालय गाठायची कारणं: ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी एकाएकी सुजून दुखणं, धाप लागणं, गुडघा अडकून न हलणं. पोटरीचं दुखणं ‘चालण्याने असेल’ म्हणून घरी ठेवू नका. रक्ताची गुठळी असू शकते.

पायरी ९: किती वर्षांचा हिशेब

मेनिस्कसची कलमं दहा वर्षांनी साधारण दहापैकी सात जणांत काम करत असतात. काहींना मधल्या काळात छोटं दुसरं ऑपरेशन लागतं, कलमाचा फाटलेला तुकडा काढण्यासाठी किंवा टाका बदलण्यासाठी. कलम थोडं आक्रसतं, थोडं कडेला सरकतं. एमआरआयवर तसं दिसलं म्हणजे ते निकामी झालं असं नाही, त्यामुळे अहवाल वाचून घाबरू नका. दुखणं किती कमी झालं, जिना कसा उतरता येतो, गुडघ्यात पाणी होतं का, हे जास्त बोलकं. ही माहिती दर महिन्याला वहीत एका ओळीत लिहा.

तिशीतल्या माणसाला या दहा वर्षांचं मोल मोठं आहे. तोवर सांधेबदल लांबतो, मुलं मोठी होतात, नोकरी स्थिरावते.

एक शेवटचं काम, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी करायचं. प्रत्येक कलमाच्या पाकिटावर ओळख क्रमांक असतो आणि त्याचा स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाठवून ठेवा. पेढीकडून पुढे कधी त्या कलमाबद्दल काही कळवायचं झालं, तर त्याच क्रमांकावरून तुमचा शोध लागेल.